जोड कोण लावतं? (विजेंदर, १३-१ आणि आमचा पुतण्या)

चोपडेकर काका

राम राम मंडळी. धागा बॉक्सिंगचा आहे, पण सुरुवात आखाड्यातून करतो. सांभाळून घ्या.

आमचे आजोबा यात्रेतल्या दंगलीत जोडी लावायचे. कुस्ती खेळायचे नाहीत, फक्त लावायचे. पोरगा पुढे आला की आधी कान बघायचे (कान मोडलेला असला की समजायचं, हा मातीत बराच लोळलाय), मग मानेवर हात, मग दंड चेपून बघायचे. वजनकाटा बिटा काही नाही. मग त्या पोराचा हात धरून फडात गोल फिरवायचं आणि ओरडायचं, "याले जोड शे का कोनी?" सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची शेवटची. जोड चुकली आणि कुस्ती अर्ध्या मिनिटात उरकली की लोक पैलवानाला बोलायचे नाहीत, आजोबांना शिव्या घालायचे. घरी येऊन ते जेवायचे नाहीत त्या रात्री.

आता मुद्दा. पुतण्या १९ वर्षांचा. चार वर्षं जळगावला बॉक्सिंग करतोय. जिल्ह्यात पहिला येतो, राज्य स्पर्धेत दोनदा पहिल्याच फेरीत बाहेर. मागच्या महिन्यात त्याला एका मोठ्या शहरातल्या 'प्रो' (म्हणजे व्यावसायिक) बॉक्सिंगवाल्यांचा फोन आला. १५ हजार भरा, लायसन्स काढून देतो, चार फेऱ्यांची लढत देतो, समोरचा आम्ही आणतो. वर हेही सांगितलं की "रेकॉर्ड एक-शून्य होणार, काळजी करू नका."

पोरगा हवेत. मी मात्र त्या शेवटच्या वाक्याला अडखळलो. समोरचा तुम्ही आणणार आणि निकालही तुम्हीच सांगणार?

म्हणून दोन आठवडे बॉक्सर विजेंदर सिंगची (प्रो रेकॉर्ड १३-१, म्हणजे १३ जिंकल्या, एक हरला) सगळी कारकीर्द लढतीगणिक बसून वाचली. काही लढती यूट्यूबवर पाहिल्या. मला समजलं ते लिहितो, जाणकारांनी दुरुस्त करावं.

भिवानीजवळचं काळुवास गाव, बाप हरियाणा रोडवेजमध्ये ड्रायव्हर. २००४ ला अथेन्समध्ये पहिल्याच लढतीत हरला. २००८ ला बीजिंगमध्ये ७५ किलोत कांस्य. बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. उपांत्यपूर्व फेरीत इक्वेडोरच्या गोंगोराला ९-४ ने हरवलं, उपांत्य फेरीत क्यूबाच्या कोरेयाकडून ५-८ ने हरला. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असायच्या आणि पाच पंच बटणं घेऊन बसायचे. पाचातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. म्हणजे आठ मिनिटांत नऊ गुण! ठोसा नुसता लागून चालत नाही, तो दिसावा लागतो. म्हणून ती पोरं लांबून सरळ ठोसे टाकायची. पोटात मारलेला पंचांना दिसायचाच नाही.

मग २००९ ला मिलानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१० ला आशियाई सुवर्ण, २०१२ ला लंडनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानच्या अटोएवकडून १३-१७ ने हार. २०१५ ला, तिशीला काही महिने उरले असताना, तो फ्रँक वॉरन या इंग्लिश प्रमोटरच्या कंपनीशी करार करून मँचेस्टरला गेला. रिओ ऑलिंपिकची आशा मागे. ली बिअर्ड म्हणून प्रशिक्षक मिळाला. त्याने म्हणे सगळं उलटं शिकवायला घेतलं. पाय रोवून मार, जवळ जा, बरगडीखाली मार. तिशीत अक्षर बदलायला सांगावं तसं ते.

१० ऑक्टोबर २०१५, मँचेस्टर, पहिली लढत. सॉनी व्हाइटिंग तिसऱ्या फेरीत संपला. आणि मग बघा तारखा: नोव्हेंबरात डब्लिन, डिसेंबरात परत मँचेस्टर, मार्चमध्ये लिव्हरपूल, एप्रिलअखेर एक, मेमध्ये एक. सात महिन्यांत सहा लढती, सहाही नॉकआउट किंवा पंचाने थांबवलेल्या.

हे वाचताना मला आजोबा आठवले. रेवड्या, नारळ, रुपये. कुणीतरी बसून जोडी लावलेल्या आहेत. हे वाईट म्हणत नाही मी. पण मग आमच्या पुतण्याची जोड कोण लावणार?

---

रावेरची केळी

वाचतोय. आजोबांचा भाग फक्कड. बाकी 'प्रो'च्या नावाखाली पैसे उलटे घेतात हे नवीनच कळलं. आमच्याकडे व्यापारी निदान बाग बघून भाव पाडतो, इथे बाग न बघताच.

---

भुसावळ जंक्शन

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विजेंदरचा १३-१ हा रेकॉर्ड फुगवलेला आहे. सहा नॉकआउट कुणाविरुद्ध? त्यातलं एक तरी नाव त्याआधी ऐकलं होतं का कुणी? एक हंगेरीचा आला होता तो म्हणे सापाचं रक्त पितो. हे बॉक्सिंग का सर्कस?

---

चोपडेकर काका

@भुसावळ जंक्शन, राग कसला. पण पुढच्याही बघा की. १६ जुलै २०१६ ला दिल्लीत त्यागराज स्टेडियमवर केरी होप, वेल्सचा. दहा फेऱ्या पूर्ण झाल्या, पंचांची कार्डं ९८-९२, ९८-९२, १००-९०. डब्ल्यूबीओ या संस्थेचा आशिया पॅसिफिक सुपर मिडलवेट गटाचा पट्टा (विजेतेपद) मिळाला. डिसेंबरात टांझानियाचा फ्रान्सिस चेका तिसऱ्या फेरीत. आणि ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. ती लढत बघाच. कार्डं ९६-९३, ९५-९४, ९५-९४. म्हणजे एखादी फेरी इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. फुगवलेल्या जोडीत असं होत नाही.

(तेव्हा डोकलामचा तणाव चालू होता. जिंकल्यावर हा म्हणाला की सीमेवर शांतता राहावी म्हणून पट्टा परत देतो. सभागृहाला काय वाटलं असेल देव जाणे.)

एक मात्र मान्य. वर्तमानपत्रांनी 'विश्वविजेता' छापलं ते चूक. हे प्रादेशिक पट्टे. जगज्जेता ठरवणाऱ्या चार संस्था आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. त्यांच्या जागतिक पट्ट्यासाठी विजेंदर कधीच लढला नाही.

---

लाल माती

काका, तुमच्या आजोबांना दंडवत, पण तुलना पटली नाही. दंगलीत जोड हजार लोकांसमोर लागते. दोघं पैलवान कपडे काढून समोरासमोर उभे असतात, पटली नाही तर पैलवान स्वतः हात सोडवून घेतो, पब्लिक बोंब मारते. तुमच्या बॉक्सिंगमध्ये जोड कुठल्या ऑफिसात बसून फोनवर लागते. 'रेकॉर्ड एक-शून्य होणार' याला आमच्यात एकच शब्द आहे, नूरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेली. आणि नूरा खेळणाऱ्याला परत त्या फडात पाय ठेवू देत नाहीत.

---

सौ. बोलकी

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. पोराच्या आईला कुणी विचारलंय का? आमच्या शेजारचा एक पोऱ्या बॉक्सिंगला जायचा, त्याची आजी रोज दारात उभी राहून एकच सांगायची, "नाक सांभायजो रे पोऱ्या." दोन वर्षांत नाक वाकडं झालंच. आता लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर त्याला सारखा डावीकडे बघायला सांगत होता.

---

मँचेस्टरचा पाव्हना

मूळ गाव अमळनेर तालुक्यात, मुक्काम नोकरीमुळे इकडे. कधी लिहीत नाही, पण हा विषय डोळ्यांनी बघितलाय म्हणून लिहितो.

टीव्हीवर दिसतं ते मोठं बॉक्सिंग. खरं बॉक्सिंग इथे छोट्या हॉलमध्ये चालतं, शनिवारी संध्याकाळी, स्विमिंग पूल असलेल्या क्लबात वगैरे. सहकाऱ्याचा भाचा लढणार म्हणून मी गेलो होतो. तिकीट त्या भाच्यानेच आम्हाला ऑफिसात येऊन विकलं होतं! नवीन प्रो बॉक्सरला स्वतःची तिकिटं विकावी लागतात. त्या पैशातून समोरच्याचं मानधन निघतं, मग प्रशिक्षकाचा वाटा (साधारण दहा टक्के), मॅनेजरचा वाटा, उरलं तर याचं.

रिंगमध्ये एक घरचा कोपरा आणि एक पाहुण्याचा कोपरा. घरचा पोरगा गाणं लावून, झगा घालून येतो. पाहुणा आधीच येऊन उभा असतो, कुणी बघतही नाही. त्या रात्री पाहुणा होता चाळिशीला टेकलेला, टक्कल पडलेला गृहस्थ. चार फेऱ्या त्याने भाच्याला जे खेळवलं ते बघण्यासारखं होतं. हात वर, हनुवटी खांद्यात, दोरीला टेकून ठोसे दंडावर झेलायचे, मिठी मारायची, कानात काहीतरी बोलायचं. भाचा दमून फेसाळला. पाहुण्याच्या अंगावर धड घामसुद्धा नाही. चारही फेऱ्या भाच्याच्या. टाळ्या, आई रडतेय, सगळं.

नंतर पार्किंगमध्ये तो पाहुणा दिसला. किराणा दुकानाच्या पिशवीत बूट आणि ओली चड्डी कोंबलेली, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बटाट्याचे चिप्स खात होता. डाव्या हाताची टेप अजून अर्धवट चिकटलेली, ती दातांनी ओढत होता. मी म्हटलं, बॅड लक. तो हसला आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी लीड्सला आहे.

इथे याला जर्नीमन म्हणतात. हरणं हाच त्याचा धंदा. नूरा नाही बरं का @लाल माती, तो मुद्दाम पडत नाही. उलट पडायचंच नसतं त्याला. नॉकआउट झाला की इथलं बॉक्सिंग मंडळ काही आठवडे रिंगमध्ये उतरू देत नाही, म्हणजे तितके शनिवार कमाई बंद. तो फक्त जिंकायची घाई करत नाही. जिंकत सुटला तर घरच्या पोरांचे मॅनेजर त्याला बोलावणंच बंद करतील.

यांच्यातला मोठा माणूस पीटर बकली, बर्मिंगहॅमचा. ३०० लढती. ३२ जिंकल्या, १२ बरोबरीत, २५६ हरला. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद सुरुवातीला याच्याशी दोनदा लढला होता. शेवटची, तीनशेवी लढत ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्याच गावात. ती जिंकला.

तर काका, प्रश्न नुसता जोड कोण लावतं एवढाच नाही. पुतण्या कुठल्या कोपऱ्यात उभा राहणार आहे, हे आधी विचारा.

---

भुसावळ जंक्शन

२५६ हरला!! आणि आम्ही १३-१ ला नावं ठेवत होतो. शब्द मागे घेतो.

---

माजी हवालदार

जय हिंद. धुळ्याचा आहे, सैन्यात असताना युनिटसाठी पाच वर्षं बॉक्सिंग केलं. तीन गोष्टी.

एक, फरक फक्त फेऱ्यांचा नाही. आता हौशीत (ऑलिंपिकवगैरे) तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रोमध्ये चारपासून बारापर्यंत. हौशीत सकाळी वजन देऊन लढायचं, जिंकलात तर पुन्हा वजन. पॅरिसला विनेशचं काय झालं सगळ्यांनी पाहिलं, कुस्ती असली तरी दुखणं तेच, १०० ग्रॅम. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी एकदाच. त्यामुळे पोरं पाणी तोडून सहा-सात किलो उतरवतात आणि रात्रीतून परत चढवतात. समोर ६३ चा म्हणून लिहिलेला प्रत्यक्षात ६९ चा असू शकतो.

दोन, हातमोजे. प्रोमध्ये वेल्टरवेट गटापर्यंत (साधारण ६७ किलो) आठ औंस, त्याच्यावर दहा. हौशीत दहा आणि बारा. दोन औंस कमी म्हणजे काय ते बरगडीला विचारा. आत पट्टी बांधणं ही कला आहे. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, मग गाठींवर गादी. आमचे उस्ताद एकेका हाताला दहा मिनिटं घ्यायचे आणि तेवढ्या वेळात बोलू द्यायचे नाहीत. पोरगा प्रो व्हायचं म्हणतो तर त्याला विचारा, तुझी पट्टी कोण बांधतं? स्वतः बांधत असेल तर अजून वेळ आहे.

तीन. कौर सिंग नाव ऐकलंय? पंजाबचे, संगरूर जिल्ह्यातले, सैन्यातले हेवीवेट. १९८२ च्या दिल्ली आशियाईत सुवर्ण. त्याआधी जानेवारी १९८० मध्ये महंमद अली भारतात आला तेव्हा दिल्लीत त्याच्याशी प्रदर्शनी लढत खेळलेला माणूस. अर्जुन, पद्मश्री सगळं मिळालं. म्हातारपणी हृदयाच्या उपचाराचं कर्ज झालं, सैन्याने मदत केली तेव्हा कुठे बातमी झाली. २०२३ मध्ये गेले. मी आमच्या पोरांना हेच सांगायचो की आधी क्रीडा कोट्यातून नोकरी बघ. सैन्य, रेल्वे, पोलीस. विजेंदरने उडी मारली तेव्हा त्याच्या गळ्यात ऑलिंपिक पदक होतं हे विसरू नका.

---

सौ. बोलकी

पद्मश्रीला ही वेळ, तर आपल्या पोरांचं काय घेऊन बसलात.

---

डॉ. निंबूपाणी

थोडं कडू लिहितो. नाक वाकडं झालं तर सरळ करता येतं. मेंदूचं तसं नाही.

१९२८ साली मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांमधल्या 'पंच ड्रंक' अवस्थेवर लिहिलं: पाय ओढत चालणं, बोलणं जड होणं, विसरभोळेपणा. म्हणजे हे माहीत होऊन शंभर वर्षं होत आली. हातमोजे बॉक्सरच्या हाताची हाडं वाचवतात, समोरच्याचा मेंदू नाही. कवटीत मेंदू हलतो तो हलतोच. हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं, मेंदूचं हलणं फारसं नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून ते २०१३ मध्ये काढूनही टाकलं.

पूर्वी जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असायच्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला. तरुण पोरगा. त्यानंतर डब्ल्यूबीसीने फेऱ्या १२ वर आणल्या, बाकीच्यांनी सावकाश काही वर्षांनी. अली १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या मार खात उभा राहिला, शेवटी कोपऱ्यातल्या माणसाने लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान.

काका, त्या फोनवाल्यांना एवढंच विचारा: लढतीआधी मेंदूचं स्कॅन करणार का, रिंगजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका असणार का, आणि पोराला काही झालं तर विमा कुणाच्या नावाने? उत्तर द्यायला किती सेकंद लागतात ते मोजा. आणि हो, लढतीपेक्षा जास्त मार सरावात खाल्ला जातो. आठवड्यातून किती दिवस स्पारिंग (सरावातली लढत) करतो तेही बघा.

---

रावेरची केळी

अवांतर: विजेंदर हरला ती लढत कुठली? कुणी लिहिलीच नाही.

---

चोपडेकर काका

१९ मार्च २०२१, गोवा. पणजीला एका कॅसिनोच्या जहाजाच्या छतावर रिंग लावलेलं. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच, खात्यावर लढती सहाच. विजेंदर ३५ चा, जवळपास सोळा महिन्यांत रिंगमध्ये उतरलेला नाही. त्याआधी २०१९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभाही लढवून हरला होता. पाचव्या फेरीत पंचाने लढत थांबवली.

मी ती दोनदा पाहिली. पहिल्या दोन फेऱ्या बरोबरीच्या वाटतात. मग त्याचा डावा हात खाली यायला लागतो. थोडाच, चार बोटं. लोपसानला उंचीमुळे वरून ते दिसतं आणि तो तिथूनच उजवा घालत राहतो. जोडी लावणाऱ्याने इथे कान बघितले नाहीत. किंवा विजेंदरचेच बघितले नाहीत म्हणा.

नंतर ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्या फेरीत संपवलं. १४ लढती, १३ जिंकल्या. पदकं, पट्टे, खेलरत्न, पद्मश्री सगळं धरूनही मला ती गोव्याचीच लढत जास्त खरी वाटते, का ते नीट सांगता येत नाही.

---

लाल माती

ते चार बोटांचं निरीक्षण आजोबांचंच रक्त बोलतंय, काका. बाकी पाव्हन्याची पोस्ट वाचून माझा एक मुद्दा ढिला पडला. आमच्याकडेही असा एक होता. प्रत्येक यात्रेला एसटीने यायचा, गठुडं घेऊन. चढत्या पैलवानाशी लावायचे त्याला, हमखास बरोबरीत सोडवायचा नाहीतर शेवटी पडायचा. जेवण आणि वाटखर्च. आम्ही पोरं हसायचो त्याला. नाव आता आठवत नाही.

---

चोपडेकर काका

(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.

डॉक्टरांचे तीन प्रश्न पुतण्यालाच फोनवर विचारायला लावले, स्पीकर चालू ठेवून. स्कॅनवर ते म्हणाले "बघू", रुग्णवाहिकेवर "असते ना", विम्यावर फोन कट झाला. पुन्हा आला तो दुसऱ्या दिवशी. १५ च्या जागी १० हजारांत करून देतो म्हणाले. पुतण्याने स्वतःच नंबर ब्लॉक केला. मी काही बोललो नाही.

त्यानंतरच्या रविवारी विभागीय निवड चाचणी होती. त्यात तो उपांत्य फेरीत हरला, २-३ असा पंचांचा कौल. घरी आला, डोळ्याखाली निळं. वहिनींनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, ठेचा मात्र ओठ फुटल्यामुळे बाजूला सारला. हवालदार साहेब, पट्टीचं विचारलं. स्वतःच बांधतो म्हणाला. तुमचा धुळ्याचा पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवाल का? रविवारी बसने घेऊन येतो त्याला.

हा धागा त्याला वाचायला दिला होता. विजेंदरचा भाग भराभर वर सरकवला, तो त्याला पाठच आहे. पाव्हन्याच्या पोस्टवर थांबला, दोनदा वाचली. मग विचारतो, "काका, त्या बकलीची शेवटची लढत कुठे बघायला मिळेल का?"

कुणाकडे लिंक असेल तर द्या.